घोटा मुरगळल्यानंतर धावणे पुन्हा केव्हा सुरू करावे?

प्रश्न
सुमारे तीन आठवड्यांपूर्वी धावताना उजवे पाऊल आत वळून माझा घोटा मुरगळला. हाड मोडलेले नाही, बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले गेले आहे, असे डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले. क्रेप बँडेज बांधून विश्रांती घेतली. आता सूज जवळजवळ उतरली आहे आणि सपाट जमिनीवर चालताना दुखत नाही. मात्र जिना उतरताना किंवा खडबडीत वाटेवर घोट्याचा भरवसा वाटत नाही. अजून विश्रांती घ्यावी की व्यायाम सुरू करावा?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)
आपल्या वर्णनावरून व्यायामाची वेळ आली आहे, असे मी म्हणेन. सूज उतरणे आणि घोटा बरा होणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि पुन्हा पुन्हा घोटा मुरगळून येणारे बहुतेक जण नेमके याच टप्प्यावर उपचार सोडून दिलेले असतात. लिगामेंट हाडांना बांधून ठेवते, तसेच सांधा कोणत्या कोनात आहे याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवणारी मज्जातंतूंची टोकेही त्यात असतात. दुखापतीनंतर ही जाणीव मंदावते, घोट्याला सावरणारे स्नायू क्षणभर उशिरा आवळतात आणि म्हणून पाय दगा देईल असे वाटत राहते. ही जाणीव निव्वळ विश्रांतीने परत येत नाही. पोटरी मात्र आणखी अशक्त होते.

भिंतीच्या आधाराजवळ दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभे राहून पाहा. पावलाची बोटे जमिनीला घट्ट आवळली जात असतील, तर तोल अजून सापडलेला नाही असे समजावे. हे सहज जमू लागले की जाड उशीवर उभे राहावे आणि त्यानंतर जमिनीवरच डोळे मिटून पाहावे. जोडीला टाचा उचलण्याचा व्यायाम करावा, आधी दोन्ही पायांवर आणि मग एकाच पायावर. व्यायाम करताना दुखणे दहापैकी तीनपर्यंत असले तरी चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ताठरपणा वाढलेला दिसला, तर मात्रा कमी करावी.

एका पायावर टाच सलग वीस-पंचवीस वेळा उचलता येणे, तीही दुसऱ्या पायाइतक्याच उंचीपर्यंत, आणि त्याच पायावर न डगमगता उड्या मारता येणे, हे झाल्याशिवाय धावू नये. सुरुवातीला एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून, सपाट व सरळ वाटेवर करावे. वळणे आणि उतार सर्वांत शेवटी.

प्रतिसाद २
धावणे थांबले तरी दम टिकवता येतो. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि तेवढा व्यायाम सायकल चालवून किंवा पोहून सहज होतो. ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये पाऊल बाहेर वळवून पाणी ढकलावे लागत असल्याने तो प्रकार तूर्त टाळावा, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बर्फाचा शेक चालू ठेवावा का? आणि जोराने मालीश केल्यास लवकर आराम पडेल, असे काही जण सुचवतात, ते योग्य आहे का?

प्रतिसाद ३ (फिजिओथेरपिस्ट)
विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी 1978मध्ये मांडले. मात्र बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले. व्यायामानंतर ठणकत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, त्याहून अधिक गरज नाही. भरून येणाऱ्या लिगामेंटवर जोराने चोळू नये. पोटरीला हलक्या हाताने मालीश केल्यास हरकत नाही.

घोटा मध्येच अडकत असेल किंवा सहा आठवड्यांनंतरही खोलवर दुखत असेल, तर सांध्यातील कूर्चेची तपासणी करून घ्यावी. पोटरी सुजून गरम व दुखरी झाली, तर शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा मालीश अजिबात न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.