दोघांनी खेळायचा केळीचा गेम: आधी कोणता कन्सोल धरावा?

फैजपूरकर
राम राम मंडळी. आम्ही दोघे चुलतभाऊ दीड वर्षापासून गोडो या गेम बनवायच्या फुकट इंजिनात (सॉफ्टवेअरमध्ये) गेम करतोय. सावद्याच्या मालधक्क्यावर केळीची रॅक (अख्खी मालगाडी) भरायची. एकाने घड वाहायचे, दुसऱ्याने वॅगनमध्ये रचायचे, गाडी सुटायच्या आत. पडदा मधोमध दुभागलेला, दोघांनी शेजारी बसून खेळायचा. पीसीवर मस्त चालतो. पैसा मात्र एकाच कन्सोलपुरता (टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनपुरता) आहे. मोठे स्टुडिओ हे कशावरून ठरवतात? ज्याच्या मशीन जास्त खपल्या तोच धरतात का?

अमळनेरी
सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) धरा भो. आपल्याकडे ज्याच्या घरी कन्सोल आहे, त्याच्याकडे तोच दिसतो. भारतीय गेम बनवणाऱ्यांना मदत करणारा सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्टही आहे, तिथे अर्ज करून बघा.

भुसावळची लेक
भाऊ, मी पुण्यात पोर्टिंगचंच, म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्यावर बसवायचंच काम करते. खपलेल्या मशीनचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघते. आधी मेमरी. पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सला १६ जीबी, त्याच्या स्वस्त भावाला, सिरीज एसला १०, निन्टेंडोच्या स्विच २ ला १२, जुन्या स्विचला फक्त ४. तुमचा पडदा दुभागलेला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एकेका चित्राला) मालधक्का दोनदा रेखाटायचा.

‘बाल्डर्स गेट ३’ हा मोठा गेम इथेच अडकला होता. पीसीवर ऑगस्ट २०२३, पीएस५ वर सप्टेंबर, एक्सबॉक्सवर थेट डिसेंबर. सिरीज एसवर दुभागलेला पडदा बसेना, आणि एक्सवर जी सोय ती एसवरही हवी, हा मायक्रोसॉफ्टचा नियम. शेवटी एसपुरती सूट मिळाली तेव्हा गेम आला. तशी सूट आपल्याला मिळेल असं धरून चालू नका. एक्सबॉक्स धरला की एस आलाच.

मग गोडो. इंजिन मुक्त स्रोत, कन्सोलची एसडीके (त्यावर गेम बनवायची कंपनीची साधनं) गुप्ततेच्या करारात. त्यामुळे इंजिनासोबत कन्सोलचं एक्स्पोर्ट (कन्सोलवर चालेल असा गेम काढून द्यायची सोय) येतच नाही. पोर्ट करून देणाऱ्याला पैसे मोजा, नाहीतर स्वतः लिहा. तुमच्या ‘एका कन्सोलपुरत्या’ पैशात हे धरलंय का?

आणि गेम विकायला ठेवण्याआधी कन्सोलची कंपनी करते ती तपासणी! याचा हिशेब कुणी करतच नाही. खेळताना कंट्रोलरचा सेल संपला तर गेमने थांबून तसं सांगायला हवं. माझ्या पहिल्या पोर्टमध्ये गेम थांबला, पण कंट्रोलर परत जोडल्यावर दुसऱ्याच्या हातातून पहिल्याचं पात्र हलू लागलं. एका ओळीचा शेरा लागून गेम परत आला. (कोणत्या कन्सोलवर, ते करारामुळे लिहीत नाही.) दुरुस्ती एका दुपारची, पण पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं आणि रिलीजची तारीख गेली. तुमचा तर गेमच दोघांचा. आज रात्रीच बघा: रॅक अर्धी भरली की एकाचा कंट्रोलर बंद करा.

माझं मत विचाराल तर आधी स्टीम, म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान. तिथे एका गेमचे १०० डॉलर भरायचे, आणि स्टीम डेकवर (स्टीमचे गेम चालणाऱ्या हातातल्या मशीनवर) बारक्या पडद्याची अक्षरं वाचता येतात का तेही कळेल. कन्सोल एकच, तर स्विच. त्याच्या जॉयकॉनची (दोन बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरची) जोडी सोडवली की दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर येतो. पीएस५ च्या खोक्यात एकच असतो, दुसरा विकत आणेपर्यंत तुमचा गेम अर्धाच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ हा गेमही ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला, बाकीच्यांवर ऑक्टोबरमध्ये. ४ जीबीत बसवायला घाम फुटेल, पण तिथे बसला की पुढे मेमरीची चिंता उरत नाही.

अमळनेरी
पण ताई, आपल्या जळगाव जिल्ह्यात स्विच किती जणांकडे असेल?

भुसावळची लेक
रावेरची केळी रावेरातच खपते का दादा? रॅक दिल्लीला जाते. गिऱ्हाईक जिथे आहे तिथलं मशीन बघायचं. मात्र ‘घड’, ‘फणी’, ‘मालधक्का’ हे शब्द बदलू नका, परदेशी खेळणारा शिकेल.

फैजपूरकर
ताई, आत्ताच करून बघितलं. भावाचा कंट्रोलर बंद केला तर गेम थांबलाच नाही. त्याचा माणूस घड खांद्यावर घेऊन तसाच उभा, घड्याळ चालू, आणि गाडी सुटून गेली. पोर्टचा खर्च विचारायच्या आधी हे नीट करतो. स्टीमचे पैसे या कापणीनंतर भरू.