ऑगस्टमध्ये इन्व्हरनेस: आई-बाबांना डॉल्फिनच्या बोटीत न्यावं का?

मुक्ता_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे लीड्सला येतायत. त्यांना घेऊन चार दिवस स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला जायचं ठरलंय. बाबांनी तारकर्लीला डॉल्फिन बघितले तेव्हापासून "तिकडचे मोठे असतात म्हणे" हे पालुपद सुरू आहे.

अडचण अशी की बाबा ७२ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. आईला वरंधा घाटात गाडी लागते, तिथे बोटीचं काय बोलावं! आणि ॲपवर रोज ढग, रोज पाऊस. बोट आत्ताच बुक करू की तिथे जाऊन बघू? रद्द झाली तर पैसे बुडतात का? व्हेलही दिसतो का त्या बाजूला?

ॲबरडीनचा_बाळ्या

मुक्ताताई, आधी ॲपवरची ढगांची चित्रं बघणं सोडा. पावसामुळे बोट सहसा रद्द होत नाही. पावसात आपण भिजतो एवढंच, डॉल्फिन आधीपासून भिजलेलेच आहेत. खरा घोळ घालतो तो वारा, आणि त्यातही वाऱ्याची दिशा.

मोरे फर्थ म्हणजे इन्व्हरनेसजवळची मोठी खाडी, तिचं तोंड ईशान्येला उघडं आहे. वारा नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा असेल तर तो जमिनीवरून येतो. मग किनाऱ्यावर टोपी उडत असली तरी दक्षिण काठालगतचं पाणी बरंच सपाट राहतं. तोच उत्तरेचा किंवा ईशान्येचा झाला की लाटा थेट आत शिरतात आणि ऊन पडलेलं असलं तरी बोटी धक्क्याला बांधलेल्या दिसतात. म्हणून मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, किनारपट्टीचा अंदाज बघा. त्यात 'केप राथ ते रॅट्रे हेड' हा पट्टा तुमचा. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट नावाच्या मापात देतात, त्यात ३ पर्यंत मजेत जा. ४ ला लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसतो, मग डॉल्फिनचा पंख कुठला आणि फेस कुठला हेच कळत नाही. बोट सुटली तरी तुम्ही फेसच मोजत बसता.

आणखी एक म्हणजे 'हार'. हे इकडचं समुद्री धुकं. पूर्वेचा वारा सुटला की उन्हाळ्यातही थंड समुद्रावरून आत सरकतं. मैलभर आत लोक आइस्क्रीम खात असतात आणि किनाऱ्यावर समोरचा दीपगृहाचा मनोरा गायब. अशा वेळी सकाळची फेरी हुकली तर दुपारी परत विचारा, बऱ्याचदा उन्हाने विरतं.

बुकिंग आत्ताच करा, ऑगस्ट म्हणजे इकडची सुट्टी. फक्त फेरी पहिल्या दिवशीची घ्या, शेवटच्या नको. हवामानामुळे बोटवाल्यांनीच रद्द केली तर साधारणपणे दुसरी तारीख किंवा पैसे परत देतात, पण दुसरी तारीख घ्यायला हातात दिवस उरायला हवेत ना! अटी त्यांच्याकडून लेखी घ्या.

आता बाबांच्या गुडघ्यांचं. 'रिब' म्हणतात त्या फुगवलेल्या कडांच्या वेगवान बोटीत अजिबात बसवू नका. घोड्यावर बसल्यासारखं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि प्रत्येक लाटेला खालून दणका. केबिन असलेली संथ बोट बघा, आत बसता येतं, स्वच्छतागृह असतं. थोडी महाग पडली तरी चालेल.

आणि बोट मिळालीच नाही तरी आई-बाबांना डॉल्फिन दिसतील. इन्व्हरनेसच्या उत्तरेला ब्लॅक आइल नावाच्या द्वीपकल्पावर फोर्ट्रोज आणि रोझमार्की या गावांच्या मध्ये शॅनन्री पॉइंट आहे, गोट्यांचं एक टोक समुद्रात घुसलेलं, समोर फोर्ट जॉर्ज किल्ला. तिथे फर्थ अगदी अरुंद होतो आणि उन्हाळ्यात नदीकडे निघालेले सामन मासे त्या चिंचोळ्या वाटेनेच आत जातात. डॉल्फिनना हे पक्कं माहीत आहे. ओहोटी संपून भरती लागली की साधारण तासाभराने टोकापासून थोडं पुढे पाणी आधण आल्यासारखं खदखदायला लागतं. तिथेच नजर ठेवा. आधी 'फुस्स' असा श्वास ऐकू येतो, मग राखाडी पाठ. नशीब असेल तर सामन तोंडात आडवा धरून वर येतात, हवेत उडवतात, परत पकडतात. कधी किनाऱ्याच्या इतके जवळ की पाठीवरचे जुने ओरखडे दुर्बिणीशिवाय दिसतात. त्या ओरखड्यांवरून आणि पंखांच्या खाचांवरूनच ॲबरडीन विद्यापीठाची माणसं १९८९ पासून एकेक डॉल्फिन ओळखून नोंदवतायत. सगळे मिळून दोनशेच्या आसपास.

बाबांचं म्हणणं खरं आहे, हे आकाराने मोठेच. पाणी गार म्हणून अंगावर चरबीचा जाड थर, लांबी चार मीटरपर्यंत जाते.

भरतीच्या वेळा इन्व्हरनेसच्या तक्त्यात बघा. तिथीची पाऊणपट करून वेळ काढायचं आपलं कोकणातलं गणित इथे लागू पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मात्र इथेही येतं आणि तेव्हा त्या टोकाशी प्रवाह जोरात असतो. तेवढ्यापुरतं कॅलेंडर सोबत आणा.

टोबरमोरी_रिटर्न

बाळ्याभाऊंशी अर्धं सहमत. किनारा छानच, पण व्हेल बघायचा तर बोटीला पर्याय नाही. आम्ही पश्चिम किनाऱ्याच्या मल बेटावरून गेलो होतो, पण इन्व्हरनेसहून ओबान बंदर, मग बेटावर जायची मोठी बोट, हे चार दिवसांत वयस्कर माणसांना झेपणार नाही. त्यापेक्षा मोरे फर्थच्याच बाहेरच्या बाजूला मॅकडफ-गार्डन्सटाउनच्या पट्ट्यात उन्हाळ्यात मिंकी जातीचे व्हेल येतात.

फक्त टीव्हीवरच्यासारखी शेपटी वर येईल या आशेवर राहू नका. मिंकी शेपटी दाखवत नाही आणि त्याचं कारंजंही बहुधा दिसत नाही. पाण्यावर पक्षी घिरट्या घालत असले, गॅनेट सूर मारत असले की तिकडे बघा. काळी पाठ गोल फिरत वर येते, मग खूप मागे एक छोटासा वाकडा पंख, आणि संपलं. जवळ आला तर श्वासाचा कुजका वास येतो. आमच्या सौंना वाटलं कोणाचा तरी डबा आंबलाय.

देवबागकर

एक विचारू का? आमच्याकडे सीझनला एक पाठ दिसली की चारी बाजूंनी बोटी सुटतात, सगळ्यांची इंजिनं फुल. बिचारा श्वास घ्यायला वर येतो तर समोर आणखी एक बोट. तिकडेही तसंच का?

ॲबरडीनचा_बाळ्या

नाही हो. इथे जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने डॉल्फिनला त्रास देणं गुन्हा आहे. बोटवाल्यांसाठी 'वाइज' नावाचं प्रशिक्षण असतं, मुक्ताताई, बुकिंग करताना ते केलंय का विचारा. चांगला तांडेल वेग कमी करून आपल्या रेषेत सरळ जात राहतो. डॉल्फिनला वाटलं तर तो स्वतःच बोटीच्या नाकापुढे पोहायला येतो, नाही वाटलं तर नाही. तासभर काहीच न दिसण्याची तयारी ठेवून बसायचं.

मुक्ता_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच कॅलेंडर काढून बसलेत. आईसाठी गोळी कुठली? आणि शॅनन्रीला खूप चालावं लागतं का?

ॲबरडीनचा_बाळ्या

गोळी सिनारिझिनची, इथे स्टुजेरॉन नावाने औषधांच्या दुकानात मिळते. निघण्याआधी दोन तास घ्यायची, उलटी यायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते. बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर आधी फार्मासिस्टला विचारा. रिकाम्या पोटी चढू नका, थोडा कोरडा नाश्ता हवा. आणि बोटीत मध्यभागी, क्षितिजाकडे तोंड करून बसवा.

शॅनन्रीला गाडी टोकापर्यंत जाते. रस्ता गोल्फच्या मैदानातून, अगदी अरुंद, आणि पार्किंग एवढंसं. भरतीच्या वेळेला सगळं गाव तिथेच लोटतं, तेव्हा ओहोटी पुरती संपायच्या आधी पोचा. बाबांसाठी घडीची खुर्ची घ्या, गोट्यांवर उभं राहून गुडघे बोलतील. कानटोपी ऑगस्टातसुद्धा लागते, हे आईंना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर ती पुण्यातच राहील.