50 मीटर .22 बोल्ट-ॲक्शन रायफल: लॉट निवडण्यासाठी अचूकतेची चाचणी कशी करावी?

पालक_सांगली (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी 50 मीटर रायफलमध्ये प्रोन (पालथे झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) असे दोन्ही प्रकार खेळते. रायफल क्लबची आहे; .22 लाँग रायफल, बोल्ट-ॲक्शन, आणि आधी बरीच वर्षे दुसऱ्या नेमबाजाने वापरलेली. येत्या हंगामाची काडतुसे एकदमच घ्यायची असून रक्कम आमच्यासाठी मोठी आहे. क्लबकडे एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे एकेका वेळी बनवलेल्या काडतुसांचे साठे, उपलब्ध आहेत. प्रशिक्षकांनी रायफलवर दुर्बीण बसवून, बाकावर वाळूच्या पिशव्यांचा आधार देऊन, 50 मीटरवर प्रत्येक लॉटचे पाच शॉट मारले. पहिल्या लॉटचा ग्रुप (छिद्रांचा पसारा) 12 मि.मी. आला आणि दुसऱ्याचा 19 मि.मी. एवढ्यावरून पहिला लॉट घ्यावा का? शिवाय क्लबमधील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे की बॅरलच झिजले आहे, त्यामुळे काडतुसांवर खर्च करण्यात अर्थ नाही. हे कसे तपासतात?

नेम_आणि_गणित

ताई/दादा, प्रशिक्षकांनी पद्धत योग्य निवडली आहे, परंतु पाच शॉटच्या एकेका ग्रुपवरून दोन लॉटमध्ये निवड करता येत नाही. ग्रुपचा आकार म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर, म्हणजे पाचपैकी तीन शॉट त्या आकड्यात मोजलेच जात नाहीत. ज्या लॉटची पाच शॉटची सरासरी 15 मि.मी. आहे, त्याच लॉटमधून एकदा 12 आणि पुढच्याच वेळी 19 येणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा तुमच्या दोन आकड्यांतून दोन लॉट वेगळे आहेत असे सिद्ध होत नाही आणि सारखे आहेत असेही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शॉट वाढले की ग्रुप मोठा होतोच. तीन शॉटच्या ग्रुपपेक्षा पाचचा ग्रुप सरासरीने सुमारे सव्वापट असतो आणि पाचपेक्षा दहाचा पुन्हा तितकाच. म्हणून कोणी तीन शॉटचा सुरेख ग्रुप दाखवला तर त्याची तुलना दहा शॉटच्या ग्रुपशी करू नये.

माझा सल्ला असा की प्रत्येक लॉटचे दहा शॉटचे किमान चार ग्रुप घ्यावेत, तेही एका लॉटचे सगळे आधी आणि दुसऱ्याचे नंतर असे न घेता, पहिला, दुसरा, दुसरा, पहिला अशा क्रमाने घ्यावेत. सकाळ जसजशी सरते तसतसे ऊन, वारा आणि मारणाऱ्याचा थकवा बदलतो. या क्रमामुळे तो बदल दोन्ही लॉटच्या वाट्याला सारखा येतो. मग प्रत्येक ग्रुपचा मध्य काढून त्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजावे आणि त्याची सरासरी घ्यावी. या आकड्यात प्रत्येक काडतुसाचा हिशेब होतो, त्यामुळे तो कमी शॉटमध्येही अधिक विश्वासार्ह ठरतो.

हे आकडे गुणांच्या भाषेतही पाहावेत. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मि.मी. असतो, गोळीचा व्यास सुमारे 5.6 मि.मी., आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी गुण मिळतो. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून 8 मि.मी.च्या आत असला की दहा. दशांश गुणांमध्ये मात्र केंद्रापासून दर 0.8 मि.मी.ला 0.1 गुण कमी होतो. थ्री पोझिशनची पात्रता फेरी पूर्ण गुणांवर होते, दशांश अंतिम फेरीत येतात. प्रोनमध्ये जिथे दशांश मोजले जातात तिथे लॉटमधला फरक अधिक बोचतो. पॅरिसमध्ये 2024 साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. पात्रता फेरीत 600 पैकी 590 गुण मिळवून तो सातवा आला होता आणि अंतिम फेरीत जागा आठच होत्या. त्या पातळीवर एकेका गुणाला किती किंमत आहे हे यावरून कळावे.

बोल्ट_आणि_बॅरल

मी रायफलींची देखभाल करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. .22 ची गोळी मऊ शिशाची आणि संथ असते, त्यामुळे नीट राखलेले बॅरल काही हजार शॉटमध्ये संपत नाही. कित्येक दहा हजार शॉटची त्याची उमर असते. बॅरलवर ठपका ठेवण्यापूर्वी खालील गोष्टी परवानाधारक जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

सर्वप्रथम चेंबरच्या (काडतूस बसते त्या खोबणीच्या) पुढच्या तोंडाशी साचलेले कार्बनचे कडक कडे पाहावे. साध्या चिंधीने ते निघत नाही, आणि बाहेरून बॅरल चकचकीत दिसत असूनही प्रत्येक गोळी त्या कड्याला घासून पुढे जाते. विद्रावक काही वेळ मुरू देऊन ते काढावे लागते. सफाईची काठी नेहमी मागच्या बाजूने, मार्गदर्शक नळीतूनच घालावी; तोंडाकडून घातलेल्या काठीने बॅरलची शेवटची कड घासली गेली तर ग्रुप कायमचा फाकतो. भिंगातून ती कड सगळीकडे सारखी आणि धारदार दिसली पाहिजे.

त्यानंतर ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो ती यंत्रणा) आणि दस्ता जोडणारे स्क्रू. ते अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावेत आणि ते माप वहीत लिहून ठेवावे. दुर्बिणीचे माउंटही तसेच. बोल्ट-ॲक्शनमध्ये बॅरल ॲक्शनला पक्के बसवलेले असते आणि बोल्ट दर वेळी त्याच जागी बंद होतो, म्हणूनच या रचनेला अचूकतेत मान आहे. पण एखादा स्क्रू सैल असेल तर तो सगळा फायदा तिथेच वाया जातो.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित भाग फायरिंग पिनची स्प्रिंग हा आहे. .22 मध्ये प्रज्वलनाचे द्रव्य काडतुसाच्या कडेच्या पोकळीत असते आणि पिन त्या कडेवर आपटते. स्प्रिंग थकली की आघात कमीजास्त होतो, द्रव्य दर वेळी सारखे पेटत नाही आणि गोळीचा वेग बदलतो. वेगाचा फरक टार्गेटवर उभा दिसतो. सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने सुटलेली गोळी 50 मीटर जाईपर्यंत जवळजवळ 12 सें.मी. खाली येते, वेगात 10 मीटरचा फरक पडला तर गोळी सुमारे 7 मि.मी. वरखाली लागू शकते. त्यामुळे ग्रुप आडवा नसून उभा लांबट असेल तर आधी स्प्रिंग आणि मग काडतूस पाहावे. सुटताना बॅरलच्या तोंडाची जी कंपने होतात ती हा फरक काही अंशी भरूनही काढतात, आणि ती प्रत्येक रायफलची निराळी असतात. एकाच लॉटचे एका रायफलीशी जमते आणि शेजारच्या, त्याच मॉडेलच्या रायफलीशी जमत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे. चाचणी काडतुसाची किंवा रायफलीची अशी सुटी होत नाही, ती जोडीचीच होते.

सफाई केल्यावर पहिले दहा-वीस शॉट मोजू नयेत. गोळीवरच्या मेणचट वंगणाचा थर बॅरलमध्ये बसावा लागतो. कंपनी बदलली तर वंगणही बदलते, तेव्हा पुन्हा तेवढेच शॉट सोडावेत. तुमचे दोन्ही लॉट एकाच कंपनीचे असल्याने लॉट बदलताना चार-पाच पुरतील.

पालक_सांगली

दोघांचेही मनापासून आभार. आमचा रेंज उघडा आहे आणि दुपारकडे वारा सुटतो. चाचणीसाठी वाळूच्या पिशव्या पुरेशा आहेत की रायफल शिकंज्यात बसवावी लागेल? आणि लॉटच्या चाचणीसाठी परदेशी जावे लागते असे कानावर आले, ते कशासाठी?

नेम_आणि_गणित

काडतुसे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची स्वतःची बंदिस्त चाचणी केंद्रे आहेत. एलीचे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ, लापुआचे जर्मनीत श्योनेबेक येथे. नेमबाज स्वतःची रायफल तिथे नेतो, दस्ता काढून बॅरल आणि ॲक्शन शिकंज्यात घट्ट बसवतात आणि एकामागून एक लॉट तपासून जो जमेल तो राखून ठेवतात. ऑलिंपिकच्या तयारीतील आपल्या नेमबाजांना अशा चाचणीसाठी केंद्र सरकारच्या टॉप्स योजनेतून मदत मिळालेली आहे. राज्य पातळीवर याची गरज नाही. दोन लॉटमधून एक निवडण्यासाठी पुढे-मागे भक्कम पिशव्या, एकच मारणारा आणि शांत हवा एवढे पुरे.

हवा मात्र खरोखर शांत हवी. सेकंदाला केवळ 1 मीटर वेगाचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक, ही गोळी 50 मीटरवर 5 ते 6 मि.मी. सरकवतो, आणि तुम्ही शोधत असलेला फरक त्याहून लहान असण्याचीच शक्यता अधिक आहे. रेंज उघडताच, पहिल्या तासातच चाचणी करावी, बॅरलच्या रेषेत वाऱ्याच्या झेंड्या लावाव्यात आणि झेंडी हलली की थांबावे. चार-चार ग्रुपनंतरही दोन्ही लॉट सारखेच निघाले, तर जो लॉट संपूर्ण हंगामाला पुरेल एवढा शिल्लक आहे तो घ्यावा, कारण मध्येच लॉट बदलला तर झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी लागण्याची जुळणी) पुन्हा तपासावा लागेल. खोक्यावरचा लॉट क्रमांक चाचणीच्या टार्गेटवर लिहून ते टार्गेट क्लबच्या नोंदवहीत लावून ठेवावे. हीच रायफल पुढे ज्या मुलाच्या हाती जाईल त्याला ते उपयोगी पडेल.