अर्धा किलो मटणात तांबडा, पांढरा आणि सुके, शिवाय घरात माळकरी : रविवारचा बेत कसा आखावा?

प्रश्न : फुलेवाडीची सून

घरी स्वयंपाक करणाऱ्या सर्वांना नमस्कार.

श्रावण लागायला आता दोनच रविवार उरले आहेत आणि ते दोन्ही मटणाचे, असे घरातल्यांनी परस्पर ठरवूनही टाकले आहे. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या मोठ्या घरातून आम्ही फुलेवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला. पेठेत परसातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात अडीच-तीन किलो मटण शिजायचे, ते सगळे थोरल्या जाऊबाई पाहायच्या आणि माझ्याकडे भाकऱ्या थापण्याचे काम असायचे. आता मटण खाणारे आम्ही चौघे, मटण अर्धा किलो आणि शेगडी दोन बर्नरची. एवढ्याशा मटणातून तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुके हे तिन्ही पदार्थ चवीला उणे न पडता निघतात का, की त्यांतल्या एखाद्यावर पाणी सोडावे?

दुसरा प्रश्न सासऱ्यांचा आहे. मामंजींनी गेल्या वर्षी माळ घातली. कांदा-लसूण त्यांना चालतो, चातुर्मासात ते वांगे तेवढे वर्ज्य करतात. परंतु मटणाचे पातेले, पळी आणि वाट्या त्यांच्या भांड्यांपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. आम्ही सगळे रश्श्याचे भुरके मारत असताना त्यांच्या ताटात आदल्या दिवशीची आमटी वाढणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या घरी शनिवारी-रविवारी काय शिजते, आणि कशामागून काय करावे म्हणजे दुपारी दीडच्या आत पाने वाढता येतील, हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : उत्तरेश्वरच्या काकू

तिन्ही पदार्थ निघतात, ताई. पाणी सोडण्याचे कारण नाही. आपल्याकडचा रस्सा मटण किती आणले यापेक्षा अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, कशी उतरली यावर ठरतो, त्यामुळे विचार मटणवाल्याच्या ओट्यापासूनच सुरू करावा. अर्धा किलो मटण सगळे मऊ बोटींचे घेतले तर सुके छान होईल, पण दोन्ही रस्से पाणचट लागतील. मांडी आणि चाप निम्मे-निम्मे घ्यावेत, दोन-तीन नळ्या जास्तीच्या मागून घ्याव्यात आणि चरबीचा लहानसा तुकडा राहू द्यावा. सकाळी नऊच्या आत गेलात तर हवे तसे तोडून मिळते. दहानंतर रांगेत उभे राहून जे पदरात पडेल ते घ्यावे लागते.

मटण धुऊन त्याला मीठ, आले-लसणाचे वाटण आणि चिमटीपुरती हळद चोळून अर्धा तास ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर ते मध्यम आचेवर परतावे. त्याला आपले पाणी सुटेल, ते पूर्ण आटून तेल दिसू लागेपर्यंत हलवत राहावे, कारण कच्चा वास जातो तो याच टप्प्यावर आणि इथे घाई केली तर पुढे कितीही मसाला घातला तरी तो वास लपत नाही. मग पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतावे. खालच्या वाफेने ताटातले पाणी गरम होते, तेच थोडे थोडे मटणात घालावे आणि ताटात पुन्हा गार पाणी भरावे. अर्धा किलोला एकूण आठ वाट्या पाणी लागते. वाटी दोनशे मिलिलिटरची धरली आहे. बोकड कोवळे असेल तर तासाभरात मटण शिजते. कुकरमध्ये काम लवकर उरकते, पण तेव्हा पाणी सहाच वाट्या घालावे, कारण कुकरमध्ये ते फारसे आटत नाही.

शिजल्यावर साधारण सहा वाट्या अळणी हाती लागते. ती गाळून घ्यावी आणि मटण बाजूला काढावे. तीन वाट्या तांबड्याला, अडीच पांढऱ्याला आणि राहिलेली अर्धी सुक्याला. मुले लहान असतील तर त्यांना आधी मऊ भातावर दोन पळ्या अळणी आणि मिरपूड घालून जेवू घालावे म्हणजे मोठ्यांचे काम निवांत होते.

पांढऱ्यासाठी दहा-बारा काजू, एक मोठा चमचा खसखस आणि तेवढेच पांढरे तीळ सकाळीच गरम पाण्यात भिजत घालावेत. खसखस नीट भिजली नाही तर ती वाटली जात नाही आणि रस्सा जिभेला रवाळ लागतो. हे वाटण गंधासारखे मऊ हवे. तुपावर दालचिनी, दोन लवंगा, दोन वेलदोडे, सात-आठ मिरी आणि उभी चिरलेली एक हिरवी मिरची टाकावी, वाटण मंद आचेवर रंग न बदलता परतावे, अडीच वाट्या गरम अळणी घालून चांगली उकळी आणावी आणि मगच आच बारीक करून नारळाचे वाटीभर दाट दूध घालावे. त्यानंतर पळी सतत फिरती ठेवावी, कडेला बुडबुडे दिसू लागले की पातेले उतरवावे.

तांबड्याला कांदा, सुके खोबरे, तीळ, आले-लसूण आणि कोथिंबीर भाजून वाटलेला मसाला लागतो. टोमॅटो घालायचाच असेल तर एक, जास्त नको. वाटण तेल सुटेपर्यंत परतून आच कमी करावी, त्यात आपली कांदा-लसूण चटणी दोन चमचे घालावी, ती जळू न देता तेलात खुलू द्यावी आणि लगेच कढत अळणी ओतावी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही, म्हणूनच गार पाणी घातलेल्या रश्श्यावर तवंग येत नाही. निम्मे वाटण सुक्यासाठी आधीच काढून ठेवले की एकाच कढईचे काम उरते.

उत्तर : राजारामपुरी आठवी गल्ली

काकूंनी लिहिलेले सगळे मान्य आहे, फक्त हळदीबाबत माझे मत वेगळे आहे. ज्या अळणीतून पांढरा करायचा तिच्यात चिमटीभरसुद्धा हळद नको. शहरातल्या पुष्कळ खानावळींत हल्ली पिवळसर रस्सा पांढरा म्हणून वाढतात आणि लोकही तो पितात, पण घरी एवढी मेहनत घ्यायची तर रंग स्वच्छ असावा. हळद हवी असेल तर अळणी वेगळी काढल्यानंतर सुक्यात आणि तांबड्यात घालावी. चोळताना मीठ आणि आले-लसूण पुरेसे होते.

नारळाच्या दुधाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पांढरा रस्सा बिघडतो तो बहुतेक तिथेच. जोराच्या उकळीने दुधातली प्रथिने साकळतात आणि स्निग्धांश वेगळा होऊन वर तरंगतो. आंबट पदार्थाने हे आणखी लवकर घडते, म्हणून पांढऱ्यात दही किंवा लिंबू घालू नये. ज्यांना लिंबू हवे त्यांनी आपल्या वाटीत पिळावे. काजू-खसखशीचे वाटण रस्सा दाट करतेच, शिवाय दूध धरूनही ठेवते, त्यामुळे त्यात काटकसर करू नये. मीठही दूध घालण्यापूर्वीच चाखून नेमके करावे, म्हणजे नंतर ढवळाढवळ आणि पुन्हा उकळणे टळते. पाकिटातले नारळदूध वापरणार असाल तर ते गोड केलेले नाही ना, हे पाकिटावर वाचून घ्यावे.

उत्तर : कसबा बावड्याहून

आमच्या घरी चित्र उलटे आहे. जोतिबा आमचे कुलदैवत, रविवार त्याचा वार, त्यामुळे रविवारी चुलीवर मटण चढत नाही. माघात खेटे, म्हणजे जोतिबाच्या रविवारच्या वाऱ्या, सुरू झाले की घरातली दोन माणसे तरी रविवारी पहाटे डोंगराच्या वाटेला लागलेली असतात. आमचे मटण बुधवारी किंवा शुक्रवारी होते आणि शनिवार-रविवार पूर्ण शाकाहारी असतात. तेव्हा ताई, आपल्या मामंजींच्या ताटाची काळजी आमच्यावर सोपवावी.

काही जण त्यांना शाकाहारी पांढरा रस्सा करून घालण्याचा सल्ला देतील. फ्लॉवरचे दांडे, कांदा, लसूण आणि खडा मसाला उकळून त्या पाण्यात काजू-खसखस आणि नारळाचे दूध घालून तो करतात, आणि तो वाईट लागत नाही. पण ज्यांनी जन्मभर मटणाचा पांढरा प्यायला आहे त्यांच्यापुढे त्याची नक्कल ठेवणे मला पटत नाही. त्यापेक्षा आपल्या जागी भक्कम असा पदार्थ वाढावा, आणि तो म्हणजे अख्खा मसूर. सांगली-कोल्हापूर भागातल्या धाब्यांवर तो एवढा का चालतो, हे एकदा घरी नीट केल्यावर कळते.

मसूर तीन-चार तास भिजवून मऊ पण अख्खा राहील इतपत शिजवावा. कांदा बारीक चिरून तपकिरी होईपर्यंत परतावा, त्यावर आले-लसूण, एक टोमॅटो आणि दीड चमचा कांदा-लसूण चटणी घालून तेल सुटू द्यावे, मग मसूर त्याच्या पाण्यासकट घालून अर्धा तास मंद आचेवर मुरू द्यावा. मधून मधून पळीच्या पाठीने थोडे दाणे चेपावेत म्हणजे दाटपणा आपोआप येतो, वेगळे पीठ लावावे लागत नाही. हा शनिवारी रात्रीच करून ठेवला तर रविवारी अधिक मुरतो आणि आपली एक शेगडी मोकळी राहते. काही माळकरी घरांत मसूर खात नाहीत, तेव्हा मामंजींना आधी विचारून घ्यावे. चालत नसेल तर शेंगदाण्याची झणझणीत आमटी आणि ज्वारीची भाकरी करावी.

आमची रविवारची खरी धांदल सकाळी असते, कारण मिसळ घरीच होते. शुक्रवारी सकाळी मटकी भिजत घालायची आणि रात्री निथळून फडक्यात बांधायची. या पावसाळी हवेत मोड यायला रविवार उजाडतो, उन्हाळ्यात शनिवारीच येतात. कट वेगळा, मटकीची उसळ वेगळी, बटाट्याची भाजी वेगळी, फरसाण, कांदा, लिंबू आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस. कट उसळीत मिसळून एकाच पातेल्यात उकळण्याची पद्धत मी बाहेरगावी पाहिली आहे. तिला मी मिसळ म्हणणार नाही, बाकी ज्याची त्याची आवड.

पुढील प्रश्न : फुलेवाडीची सून

सर्वांचे मनापासून आभार. मामंजींना विचारले, मसूर त्यांना चालतो आणि बेत ऐकून ते खूश झाले आहेत.

आणखी दोन शंका आहेत. पेठेतून आणलेली चटणी संपत आली आहे आणि मे महिन्यात डंकावर, म्हणजे मिरची कुटून देणाऱ्या गिरणीत, जाणे जमले नाही. दुकानातली तयार चटणी घेतली तर तांबड्याचा रंग बरा येतो, पण तिखटपणा नुसता घशाला लागतो. यावर काय करावे? आणि रस्सा उरला तर रात्री पांढरा पुन्हा गरम कसा करावा?

उत्तर : उत्तरेश्वरच्या काकू

भर पावसात डंकाच्या नादी लागू नये. मिरची सर्दावलेली असते, ती उन्हात कडक वाळल्याशिवाय कुटली तर चटणीला बुरशी येते. दिवाळीपर्यंत भागेल एवढी पाव किलोची चटणी घरी मिक्सरवर करावी. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी अशा दोन मिरच्या घ्याव्यात, तीन वाटे ब्याडगी आणि एक वाटा संकेश्वरी. निव्वळ लवंगीवर गेलात तर जाळ होतो आणि रंग फिका राहतो. देठ काढलेल्या मिरच्या मंद तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत गरम कराव्यात, काळ्या पडू देऊ नयेत. धने, जिरे, तीळ, खसखस, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, दगडफूल आणि तमालपत्र एकेक करून तेलाच्या थेंबावर भाजावेत. कांदा पातळ चिरून उन्हाअभावी मंद तेलात कडक तळावा, त्यात पाण्याचा अंश राहता कामा नये. लसूण मात्र कच्चाच, सोलून, भरपूर, आणि मीठ सढळ हाताने, कारण चटणी टिकते ती मिठावर. एवढ्या दिवसांत बरणी बाहेर ठेवण्यापेक्षा फ्रीजमध्ये ठेवलेली बरी.

घशाला लागणारा तिखटपणा खोबरे, तीळ आणि कांदा कमी असलेल्या चटणीत जाणवतो. पुढचा रविवार तयार चटणीवर निभवायचा असेल तर भाजलेले खोबरे आणि तीळ वाटणात थोडे वाढवावेत.

उत्तर : आजऱ्याचा

भाताचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. पांढऱ्या रश्श्यावर लांब दाण्याचा मोकळा भात घेतला तर रस्सा ताटभर पळतो. आमच्याकडचा घनसाळ बारीक, सुवासिक आणि शिजल्यावर किंचित चिकट असतो, तो रस्सा धरून ठेवतो. आजरा घनसाळला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्या नावाने दुसराच तांदूळ विकणारेही आहेत, म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्यावा. जुना तांदूळ असेल तर पाणी थोडे जास्त लागते.

उत्तर : राजारामपुरी आठवी गल्ली

उरलेल्या रश्श्याचे राहून गेले होते. पांढरा थेट शेगडीवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात रश्श्याचे भांडे ठेवावे आणि पळी फिरवत कोमट होण्याच्या पुढे नेऊन वाफ दिसू लागताच काढावे. नारळाचे दूध असल्याने तो दुपारी जेवणे झाल्याबरोबर फ्रीजमध्ये जायला हवा आणि त्याच रात्री संपायला हवा. तांबड्याचे असे काही नाही, तो खळखळून उकळावा. शेगडी दोनच असल्याने क्रम असा धरावा : अळणी साडेअकरापर्यंत उतरली पाहिजे, मग एका बाजूला तांबडा उकळत ठेवून दुसऱ्या बाजूला सुके आणि त्यापाठोपाठ भाकऱ्या कराव्यात. पांढरा सर्वांत शेवटी, पाने घेतल्यावरच करावा, कारण त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. मामंजींचा मसूर शनिवारीच झालेला असेल. तो भाकऱ्यांच्या आधी वेगळ्या पळीने गरम करून झाकून ठेवावा.