रस्त्यावरचा धूर खिडकीपर्यंत किती पोचतो? ओपनफोमच्या मांडणीबद्दल सल्ला हवा

झुळूक:
चार गल्ल्यांच्या वस्तीचं मॉडेल करतेय. सर्वांत उंच इमारत २४ मीटर. ओपनफोम (हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर), स्थिर अवस्था, टर्ब्युलन्ससाठी (हवेच्या खळबळीसाठी) के-एप्सिलॉन मॉडेल. मधल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपाशी किती येतो आणि तिथून खोलीत किती शिरतो, हे काढायचंय. पण वारा पहिल्या इमारतीला भिडायच्या आधीच जमिनीलगत वेग घेतो. गणिताची जाळी (हवेचे पाडलेले छोटे कप्पे, म्हणजे सेल) बारीक करूनही ते जात नाही. आधी कशाला हात घालू?

दिशादर्शक:
टर्ब्युलन्स मॉडेलला शेवटी. आधी तळाची सीमा बघा. इनलेटला (वारा आत येतो त्या सीमेला) खडबडीत भूभागाचं लॉग प्रोफाइल (उंचीनुसार लॉगने वाढणारा वेग) आणि जमिनीला गुळगुळीत भिंतीचं वॉल फंक्शन (पृष्ठभागालगतच्या प्रवाहाचं सूत्र) असेल, तर नेमकं हेच होतं: घर्षण कमी पडतं आणि खालचा थर पळायला लागतो. ओपनफोममध्ये वातावरणीय थरासाठी रफ वॉल फंक्शन आहे, त्यात झेड-झिरो (जमिनीच्या खडबडीतपणाची लांबी) थेट देता येतो. इनलेटला जो आकडा दिलात तोच तिथे द्या.

‘के’ (टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा) स्वतः हिशोब करून ताडून पाहा. १० मीटरवर ४ मी/से वारा, झेड-झिरो ०.५ मीटर धरला तर घर्षणवेग साधारण ०.५३ मी/से येतो. मॉडेलमधला स्थिरांक सी-म्यू ०.०९ असताना के म्हणजे त्याच्या वर्गाच्या ३.३३ पट, म्हणजे सुमारे ०.९४. वरच्या सीमेला नुसती सिमेट्री (घर्षण नसलेली सीमा) देऊ नका, तिथे शिअर स्ट्रेस (वाऱ्याच्या दिशेने ओढणारा ताण) लागतो. तो नसेल तर प्रोफाइल वरूनही ढासळत येतं.

आता सगळ्या इमारती काढून रिकाम्या डोमेनवर (गणितात घेतलेल्या हवेच्या चौकटीवर) एकदा चालवा. इमारती जिथे येणार तिथलं वेगाचं आणि के-चं प्रोफाइल इनलेटशी जुळलं पाहिजे. जुळेपर्यंत धुराचा विचारही नको.

डोमेन: समोर, बाजूंना आणि छताच्या वर सर्वांत उंच इमारतीच्या ५ पट (१२० मीटर), मागे १५ पट (३६० मीटर), वाऱ्याला अडवणारं इमारतींचं क्षेत्रफळ डोमेनच्या छेदाच्या ३ टक्क्यांच्या आत. माणसाच्या उंचीची पातळी जमिनीपासून तिसऱ्या-चौथ्या सेलमध्ये यावी. इमारतीच्या कडेवर किमान १० सेल. जाळीची परीक्षा घेताना तिन्ही दिशांना १.५ पट बारीक करा. सेल साधारण ३.४ पट होतील, तेवढी तयारी ठेवा.

मोजमाप:
धुराबद्दल भर घालतो. स्रोत एका सेलमध्ये टाकू नका. रस्त्याच्या रुंदीभर आणि दीड-दोन मीटर उंचीपर्यंत पसरवा, कारण गाड्यांच्या मागचा भोवरा तेवढं मिश्रण आधीच करून टाकतो. अपविंड स्कीम (गणिताची पहिल्या कोटीची, ढोबळ पद्धत) पहिल्या काही फेऱ्यांपुरती ठीक, नंतर दुसऱ्या कोटीची घ्या, नाहीतर धूर गणितामुळेच पसरतो. टर्ब्युलंट श्मिट अंक (खळबळीमुळे वेगाच्या तुलनेत धूर किती पसरतो ते ठरवणारा) सहसा ०.७ असतो म्हणून तसाच सोडू नका. ०.४ आणि १.० घेऊनही चालवून पाहा. उत्तर किती हलतं त्यावरूनच त्याचा भरवसा कळतो.

पडताळणीची खूण: वारा रस्त्याला आडवा आणि इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीइतकी असेल, तर धूर वाऱ्याकडून पहिल्या इमारतीच्या मागच्या, म्हणजे आडोशाच्या भिंतीपाशी जास्त साठतो. गल्लीतला भोवरा रस्त्यालगतची हवा तिकडेच ढकलतो. उलटं दिसलं तर वाऱ्याची दिशा किंवा एसटीएलची (इमारतींच्या आकारांच्या फाइलची) मांडणी आधी तपासा. नायट्रोजन डायऑक्साइड काढणार असाल तर ओझोनशी होणारी अभिक्रिया घ्यावी लागेल, निष्क्रिय ट्रेसरवर (कशाशीही अभिक्रिया न करणाऱ्या काल्पनिक वायूवर) भागत नाही.

झुळूक:
रिकामं डोमेन जुळलं! रफ वॉल फंक्शनच लावलेलं नव्हतं. आता वाऱ्याचे किती वेग चालवायचे? आणि खोल्या याच जाळीत घ्यायच्या का?

मोजमाप:
वेग एकच पुरतो, दिशा मात्र १६ घ्या. तटस्थ स्थितीत (उष्णतेमुळे हवा वर-खाली होत नसताना) धुराचं प्रमाण वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, तेव्हा बाकीचे वेग गुणाकाराने मिळतात. मंद वाऱ्यात हे सूत्र वापरू नका. तापलेल्या भिंतींची उष्णता तिथे प्रवाह ठरवते.

दिशादर्शक:
खिडक्या लहान असतील तर खोल्या वेगळ्याच काढा. बाहेरच्या मॉडेलमधून भिंतींवरच्या दाबाचे गुणांक घ्या आणि कॉन्टॅममध्ये (खोल्यांमधली हवा आणि प्रदूषण मोजणारं सॉफ्टवेअर) भरा. फटींना डिस्चार्ज गुणांक (दाबामुळे फटीतून किती हवा जाते त्याचा) ०.६ च्या आसपास. समोरासमोर मोठ्या खिडक्या उघड्या असतील तर मात्र खोली याच जाळीत घ्यावी लागेल. आत शिरलेल्या झोताचा वेग खोलीत मुरत नाही, तो थेट पलीकडच्या खिडकीतून निघून जातो, आणि कॉन्टॅम प्रत्येक खोली पूर्ण मिसळलेली धरतं.