व्हिडिओ अडखळतो म्हणून लॅपटॉपचे बायोस अपडेट करावे का?

(नागपूरकरांची लेखी चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

धरमपेठकर

लॅपटॉपवर व्हिडिओ अडखळू लागला की आपल्याकडे ड्रायव्हर बदलतात, ब्राउझर बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, आणि एवढे करूनही भागले नाही तरी बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्रातच साठवलेल्या मूळ प्रोग्रामला, मात्र हात लावत नाहीत. मला ही सवय चुकीची वाटते. कंपनीने आपल्याच मॉडेलसाठी, आपल्याच तक्रारीचा उल्लेख करून नवे बायोस दिले असेल, तर ते टाकणे हा नाइलाजाने शेवटी करायचा उपाय नसून सुरुवातीलाच करायचा उपाय आहे, असे माझे मत आहे.

माझी आई रोज संध्याकाळी लॅपटॉपवर नाट्यसंगीताच्या जुन्या मैफली पाहते. लॅपटॉप रायझेन प्रोसेसरचा, २०२१ साली घेतलेला. दिवसातून चार-पाच वेळा चित्र दीड-दोन सेकंद गोठायचे आणि आवाज फाटायचा. गायक समेवर येतानाच असे झाले की ती लॅपटॉप मिटून ठेवायची आणि त्या दिवशी पुन्हा उघडत नसे. नेटवाल्याला दोनदा बोलावले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकला, एका दुकानातून विंडोजही नव्याने टाकून आणले. यात आठ महिने गेले. शेवटी एका रात्री नेट बंद करून पेन ड्राइव्हवरची फाइल लावली आणि शेजारी बसून राहिलो. व्हिडिओ अडखळला तेव्हा माझे बोट टचपॅडवर फिरत होते, आणि पडद्यावरचा बाणही त्याच क्षणी थिजला. तेव्हा कुठे लक्षात आले की दोष नेटचा नाही, ब्राउझरचा नाही आणि फाइलचाही नाही. अख्खे यंत्रच क्षणभर थांबते आहे.

रायझेन बनवणाऱ्या एएमडीने मार्च २०२२ मध्ये हा दोष स्वतः मान्य केला होता. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएमचे, म्हणजे यंत्राच्या गुप्त चाव्या सांभाळणाऱ्या भागाचे, काम या यंत्रांत प्रोसेसरमधलेच फर्मवेअर (यंत्रात पक्का बसवलेला प्रोग्राम) करते आणि त्याची माहिती मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये ठेवते. त्या चिपशी चाललेली देवाणघेवाण कधी लांबली, तर ती संपेपर्यंत यंत्र खोळंबून राहते. हा दोष विंडोजच्या खालच्या थरातला असल्यामुळे विंडोज दहा वेळा टाकूनही जाण्यासारखा नव्हता. त्यावरचा उपाय मे २०२२ पासून नव्या बायोसमधून येऊ लागला. आईच्या लॅपटॉपसाठी कंपनीने दिलेल्या बायोसच्या बदलांच्या यादीत नेमकी हीच ओळ होती. अपडेटला बारा मिनिटे लागली आणि त्या दिवसापासून एकही मैफल अर्ध्यावर तुटलेली नाही. ज्या दुकानातून विंडोज टाकून आणले, तिथे मी बायोसबद्दल विचारले होते. ‘त्या भानगडीत पडू नका’ एवढेच उत्तर मिळाले. त्या एका वाक्यापायी आईचे आठ महिने गेले, याचे मला अजून वाईट वाटते.

बर्डीचा दुरुस्तीकार

आपल्या आईंचा लॅपटॉप नीट झाला याचा आनंद आहे, परंतु आपल्या मताशी मी सहमत नाही. सीताबर्डीत लॅपटॉप दुरुस्तीचे काम मी अठरा वर्षे करतो आहे. ‘त्या भानगडीत पडू नका’ असे मीही ग्राहकांना सांगतो, आणि ते का सांगतो हे इथे नीट लिहिणे मला आवश्यक वाटते.

अपडेट अर्धवट राहिलेला लॅपटॉप माझ्या टेबलावर येतो तेव्हा दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. मग यंत्र उघडून मदरबोर्डवरची, बायोस जिच्यात असते ती आठ पायांची चिप शोधायची, तिला चिमटा लावून प्रोग्रामर नावाच्या उपकरणावर घ्यायचे आणि चांगली फाइल तिच्यात लिहायची. चिमट्याने जमले नाही तर चिप गरम हवेने सोडवून काढावी लागते. लॅपटॉपचा अनुक्रमांक त्याच चिपमध्ये असतो आणि कारखान्यातून विंडोज टाकून आलेल्या यंत्राची परवाना-कीदेखील तिथेच असते. जुनी माहिती वाचता आली नाही आणि दुसऱ्या बोर्डाची फाइल जशीच्या तशी चढवली, तर यंत्र सुरू होते पण स्वतःची ओळख गमावून बसते. हे सगळे करायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि यश मिळेलच याची खात्री नसते.

गेल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती आणि यंत्र थेट प्लगवर चालत होते. तासिकांचे व्हिडिओ अडकतात म्हणून कोणीतरी सांगितले आणि तिने बायोस अपडेट करायला घेतले. चार्ज कमी असल्याचा इशारा आला, तो तिने कोणत्या तरी युक्तीने ओलांडला. संध्याकाळी वावटळ सुटली आणि वीज गेली. चिप लिहून मी यंत्र सुरू करून दिले. त्यानंतर मागचे झाकण काढून पाहिले, तर पंख्याच्या पात्यांमागे, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर, कूलरच्या वाळ्याचे तंतू आणि धूळ यांचा जाड थर बसला होता. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवत होता आणि म्हणून व्हिडिओ अडकत होता. ब्रशने जाळी साफ केली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली आणि तक्रार गेली. त्या मुलीचे बायोस मुळात निर्दोष होते.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा व्हिडिओ अडकण्याचे कारण आधी उष्णतेत शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे कारण म्हणजे नकली अडॅप्टर. अनेक लॅपटॉप मूळ अडॅप्टर ओळखतात; ओळख पटली नाही तर प्रोसेसरचा वेग इतका खाली बांधून ठेवतात की साधा व्हिडिओदेखील धड चालत नाही. या दोन्ही गोष्टींवर नवे बायोस काहीही करू शकत नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या सुरक्षेचे कारण देऊन जुन्या बायोसवर परतू देत नाहीत. ड्रायव्हर बिघडला तर जुना टाकता येतो. इथे तो मार्ग अनेकदा बंद असतो, आणि जिथून मागे फिरता येत नाही अशी वाट पहिली म्हणून कशी सुचवावी?

परसोडी आयटी पार्क

दोन्ही बाजू वाचल्यावर एक मुद्दा सुटलेला दिसतो. दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडण्याचे काम प्रोसेसरमधल्या किंवा ग्राफिक्समधल्या वेगळ्या सर्किटचे असते, आणि जे सर्किट त्या चिपमध्ये घडवलेलेच नाही ते कोणतेही बायोस देऊ शकत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये व्हीपी९ आणि एचईव्हीसी या प्रकारांत दाबलेला व्हिडिओ उलगडणारे सर्किट आहे, पण एव्ही१ या प्रकारासाठी ते अकराव्या पिढीपासून आले. यूट्यूब अनेक व्हिडिओ एव्ही१ मध्ये पाठवते. मग जुन्या यंत्रात ते सगळे काम प्रोसेसरच्या अंगावर पडते, पंखा ओरडू लागतो आणि चौकटी (व्हिडिओच्या फ्रेम) गळतात. तपासायला दोन मिनिटे पुरतात. व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या प्रकाराच्या, ओळीत एव्ही०१ आहे की व्हीपी०९ हे दिसते आणि किती चौकटी गळल्या तेही दिसते. टास्क मॅनेजरमधला ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख सपाट पडलेला असेल, तर सर्किट वापरले जात नाही हे नक्की समजावे. ब्राउझरमध्ये एच२६४ हा जुना प्रकार मागणारे एक्स्टेन्शन टाकले की बहुतेक जुनी यंत्रे सुरळीत चालतात, फक्त यूट्यूबवर तो पर्याय १०८०पी च्या वर मिळत नाही.

त्यामुळे धरमपेठकरांचा ‘सुरुवातीलाच’ हा शब्द मला मान्य नाही. नवे बायोस नेहमी निर्दोष असते असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीवरचा उपाय म्हणून इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला, तो अनेक बायोस अपडेटांमधून लोकांपर्यंत गेला, यंत्रे अचानक रीस्टार्ट होऊ लागली, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला इंटेलला स्वतःच तो वापरणे थांबवा असे सांगावे लागले.

मानेवाडा रोड

बारा मिनिटांत काम झाले, हे वाक्य वाचून मला राहवले नाही. माझ्याही लॅपटॉपचे बायोस अपडेट व्यवस्थित पूर्ण झाले होते. त्यानंतर निळा पडदा आला आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागला. बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, हेच मला ठाऊक नव्हते. ते मी कधी चालू केले नव्हते, नव्या विंडोजमध्ये ते आपोआप चालू झालेले होते. ज्या खात्यावर ती की साठवली गेली होती, ते खाते दुकानातल्या मुलाने लॅपटॉप देताना स्वतःच बनवले होते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. मुलाच्या बारशाचे फोटो त्याच डिस्कवर होते. ते परत मिळाले नाहीत. अपडेटचा सल्ला देणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

धरमपेठकर

मानेवाडा रोड, आपले म्हणणे पूर्णपणे रास्त आहे आणि ते मी पहिल्याच लेखनात लिहायला हवे होते. बायोस बदलले की यंत्राची जी मोजमापे टीपीएम तपासतो तीही बदलतात, म्हणून डिस्कचे कुलूप उघडण्यापूर्वी की मागितली जाते. अपडेटच्या आधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर स्थगित करावे आणि त्याही आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून ठेवावी. मी आईची की तिच्या बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. फोटोंची दुसरी प्रत तर बायोसला हात लावा अथवा न लावा, असायलाच हवी.

परसोडीकरांचा मुद्दाही मला मान्य आहे. कोडेक तपासायला दोन मिनिटे लागत असतील तर ती आधी द्यावीत. परंतु दुरुस्तीकारांच्या युक्तिवादातील एक गोष्ट मला पटत नाही. बायोसची ही भीती डेस्कटॉपच्या काळातली आहे, जेव्हा घरी यूपीएस नसे आणि वीज गेली की सगळे संपे. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो. त्या मुलीची बॅटरी मेलेली होती आणि इशारा ओलांडला गेला होता. तो दोष अपडेटचा कसा म्हणायचा? आणि तुम्ही मागे न फिरता येणाऱ्या वाटेबद्दल लिहिता, तर विंडोज नव्याने टाकताना माझ्या आईने दहा वर्षांत जमवलेल्या खुणा, कोणत्या मैफलीत कोणते पद किती मिनिटांनी येते याच्या तिच्या नोंदी, त्या दुकानात पुसल्या गेल्या. तो उपाय सुरक्षित समजला जातो, त्याला कोणी भानगड म्हणत नाही, आणि आमच्या दोषावर त्याचा काडीचाही उपयोग होणार नव्हता. बदलांच्या यादीतली एक ओळ त्या दुकानात वाचली गेली असती तर हे टळले असते.

बाण थिजतो की नाही, हे मात्र प्रत्येकाने आधी पाहावे. फक्त चित्र अडखळते आणि बाण मोकळा फिरतो, तर नेट, कोडेक, ब्राउझर, ड्रायव्हर या क्रमाने शोधावे. बाणासकट सगळे थांबते आणि यंत्र हाताला गरमही लागत नाही, तर बायोसची तारीख पाहायला वेळ लावू नये. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ती लिहिलेली असते.

बर्डीचा दुरुस्तीकार

आईंच्या नोंदी गेल्या हे वाचून वाईट वाटले. आमच्या धंद्यात विंडोज टाकणे हा हातचा उपाय झाला आहे आणि ग्राहकाला न विचारता डिस्क पुसली जाते, हे खरे आहे. तिथे मी आपल्या बाजूने आहे. बाणाची खूणही उपयोगी आहे, मी ती वापरीन.

बॅटरीबद्दल मात्र मी माझे म्हणणे मागे घेत नाही. व्हिडिओची तक्रार घेऊन येणारी यंत्रे बहुधा चार-पाच वर्षे जुनी असतात आणि त्यांच्यात आपण म्हणता तो यूपीएस जवळजवळ संपलेला असतो. पडद्यावर शंभर टक्के दिसते आणि प्लग काढताच तीन मिनिटांत यंत्र बंद पडते. म्हणून यापुढे कोणी बायोस टाकून मागितले तर मी आधी अडॅप्टर काढून लॅपटॉप अर्धा तास व्हिडिओवर चालवून पाहीन. अर्धा तास टिकला, जाळी स्वच्छ असली, बिटलॉकरची की ग्राहकाच्या हातात कागदावर असली आणि कंपनीच्या यादीत त्या तक्रारीची ओळ असली, तर मी स्वतः अपडेट करून देईन. यातली एक जरी गोष्ट नसली तरी माझे उत्तर आजही नाही असेच आहे.