धुरा, आख की ॲक्सल?

मुक्ता
मेळघाटात आमच्या संस्थेकडे फोर-बाय-फोर जीप आहेत. ड्रायव्हर मंडळींसाठी देखभालीचा तक्ता मराठीत करतेय. ‘ॲक्सल’साठी मी ‘धुरा’ लिहिलं: ‘नदी ओलांडल्यावर धुऱ्यातलं तेल तपासा.’ आमचे ड्रायव्हरकाका म्हणाले, “धुऱ्यात कायचं तेल, ताई? धुऱ्यावर त बोरी असते.” विदर्भात धुरा म्हणजे शेताचा बांध. दुसरा शब्द सुचवा.

कृष्णाकाठ
ॲक्सलसाठी ‘धुरा’ हिंदीतून आला. संस्कृत ‘धुर्’ म्हणजे जू. म्हणून आपण घराची, पक्षाची धुरा वाहतो. बैलगाडीचा शब्द ‘आख’, थेट ‘अक्ष’वरून. आमच्या गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा लटकवलेला असे आणि लांबच्या वाटेला निघताना आजोबा आधी आख बघत. इतका जिवंत शब्द असताना इंग्रजी कशाला?

नाना मेकॅनिक
कृष्णाकाठ, बैलगाडीचा आख फिरत नाही, त्याच्यावर चाकं फिरतात. जीपला हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं कवच, जागेवर असतं आणि आतले शाफ्ट फिरतात, मधे क्राऊन-पिनियनची दातेरी चक्रं. आखाला वंगण बाहेरून लावतात, इथे तेल आत भरलेलं. ‘आखातलं तेल’ लिहिलंत तर लोकांना दुबई आठवेल. ‘हौसिंगचं ऑइल’ लिहा, गॅरेजात कुणालाही कळतं.

मुक्ताताई, नदीचं वाक्य मात्र तक्त्यात हवंच. चालून तापलेलं हौसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हौसिंगची हवा आत-बाहेर जाण्याची वाट, चिखलाने चोंदलेला असेल तर ती ओढ ऑइल सीलवर येते आणि पाणी आत जातं. मग ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. तसं दिसलं की बदलायचंच. आणि एक गोष्ट ठळक लिहा: ऑइल भरायचा बोल्ट आधी सुटतो का बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसला आणि खालून सगळं ऑइल सोडून दिलं, तर गाडी जागेवरच अडकते.

शब्दवेधी
‘ब्रीदर’ला ‘उच्छ्वासिका’ आणि गियरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला, ‘चालकदंड’ सुचवतो. शब्द रुळवले तरच रुळतात. ‘महापौर’, ‘दिनांक’ रुळलेच ना?

नाना मेकॅनिक
चालकदंड वाचून चालक विचारेल, दंड किती? तक्ता गाडीखाली झोपून वाचायचा आहे, साहेब.

सई, श्टुटगार्ट
इकडे त्या शाफ्टला ‘कार्डानवेले’ म्हणतात, सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोवरून. इंग्रजीत त्या शाफ्टच्या टोकाच्या सांध्याला रॉबर्ट हूकचं नाव आहे. आपल्याकडे काय म्हणतात?

नाना मेकॅनिक
जॉइंट क्रॉस, नुसतं ‘क्रॉस’सुद्धा. आकार अधिक चिन्हासारखा, चार टोकांना चार कप. ग्रीस भरायच्या निप्पलला ग्रीसगन लावून चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. तीनच कपांतून आलं तर चौथा कोरडा चाललाय असं समजा. गियर टाकताना खालून ‘टक’ आवाज आला, तर आधी क्रॉस हलवून बघा.

कृष्णाकाठ
‘सांधा’ म्हणा! गुडघ्याला चालतो, गाडीला का नाही? आणि ‘ग्रीस’ कशाला, ‘वंगण’ आहे की.

नाना मेकॅनिक
दुकानात वंगण मागितलंत तर ऑइल देऊ की ग्रीस, हे विचारतील. दोन्ही वंगणच.

शब्दवेधी
शाफ्ट काढून परत बसवताना ‘फेज जुळवा’ असं पुस्तिकांत असतं. त्याला ‘कलासंगती’ चालेल?

मुक्ता
मला ते वाक्यच कळलेलं नाही. फेज कशाची?

नाना मेकॅनिक
क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक पुसून काढतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत असतील तरच. मधला सरकता भाग एका दात्याने जरी चुकवून बसवला, तरी गाडी थरथरते. म्हणून काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ मारायची. तुम्ही लिहा, ‘खुणेला खूण जुळवा.’

कृष्णाकाठ
हे मान्य. पण रेघ न मारता आधीच कुणी शाफ्ट काढून ठेवला असेल तर?

नाना मेकॅनिक
शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून दोन्ही योक डोळ्याने एका पातळीत आणा. बसवलेल्या शाफ्टवरची जुनी रेघही एकदा अशीच पडताळा, आधीच्या माणसाने चुकीची मारलेली असू शकते.